बेळगाव जिल्हा : एका महसुली रेघेची गोष्ट

सीमाप्रश्नावरचे लेख बहुधा १ नोव्हेंबर १९५६ या तारखेपासून सुरू होतात. बेळगाव त्या दिवशी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, म्हणून ते साहजिकही आहे. पण त्या दिवशी नेमके काय हलवले गेले? गावे नव्हेत, माणसांची मोजदाद करून ठरवलेला भाषेचा पट्टाही नव्हे. हलवला गेला तो एक जिल्हा. तो जिल्हा कोणी आखला, कधी आखला आणि कोणत्या कामासाठी आखला, हे पाहिल्याशिवाय १९५६ चा निर्णय कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पेशवाई बुडाली त्या १८१८ च्या उन्हाळ्यात टॉमस मन्रो धारवाडकडून वर सरकत आला आणि तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. या साऱ्या टापूला इंग्रजांनी नाव दिले दक्षिण मराठा मुलूख. नाव मराठ्यांच्या सत्तेवरून पडले होते, रयतेच्या भाषेवरून नव्हे, कारण या मुलखातली निम्म्याहून जास्त रयत कन्नड बोलत होती. कारभार धारवाडहून चाले. धारवाडचा हा जिल्हा एवढा पसरट होता की एका कलेक्टरला तो आवरणे कठीण होते. म्हणून १८३६ मध्ये त्याचे दोन भाग केले आणि उत्तरेकडच्या भागाला बेळगाव जिल्हा म्हटले. १८३८ मध्ये कलेक्टरची कचेरी बेळगावात आली. किल्ला होता, छावणी होती, हवा गोऱ्या अधिकाऱ्यांना मानवणारी होती. सारा वसूल करायला आणि फौज ठेवायला जागा सोयीची होती, एवढाच हिशेब. कोणत्या गावात कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनातही नव्हता.

आता या जिल्ह्याची जमीन पाहू. पश्चिमेला खानापूर तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. जांबोटी, कणकुंबी, भीमगड हा दाट रानाचा भाग. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. तिथून फार दूर नसलेल्या देगावच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अथणीत, सहाशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो. खानापूर आणि बेळगावचा पश्चिम भाग भाताचा. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी जमीन ज्वारी-कापसाची. उत्तरेला वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या खोऱ्यात निपाणी आणि तिथला तंबाखू. मध्ये घटप्रभा, जी गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. १८८० च्या दशकात त्याच पाण्याच्या जोरावर तिथे सूतगिरणी उभी राहिली आणि मजूरवस्ती वसली.

म्हादई सोडली तर नद्या सगळ्या पूर्वेला, पण वाटा पश्चिमेला. रामघाट, पारपोलीचा घाट, चोर्ल्याची वाट, इथून कोकणचे मीठ, नारळ, सुपारी वर यायचे आणि देशावरचे धान्य, गूळ, मिरची खाली उतरायची. बेळगाव हे त्या चढउताराच्या मधले मुक्कामाचे बाजारगाव. दोन्ही बाजूंचे व्यापारी, हमाल, तांडे इथे थांबत, म्हणून शहरात दोन्ही भाषा रुजल्या आणि कोकणीही आली. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर आजही कोल्हापूर-सांगलीकडचे भक्त आणि धारवाड-गदगकडचे भक्त एकाच रांगेत उभे असतात. अशा मुलखात भाषेची सरळ रेघ ओढता येत नाही. ओढायचीच झाली तर ती गावागावांतून वाकडीतिकडी फिरत जाईल. पश्चिमेला आणि वायव्येला मराठी दाट, पूर्वेला कन्नड दाट, आणि मधल्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत दोन्ही.

जुन्या इतिहासाचा आधार दोन्ही बाजूंचे लोक घेतात, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये. खानापूरजवळची हलशी ही कदंबांची एक राजधानी होती. सौंदत्तीच्या रट्टांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला, राजधानी आणली. त्यांच्या काळातली कमल बस्ती किल्ल्यात अजून उभी आहे. नंतर देवगिरीचे यादव, मग विजयनगर, १४७० च्या दशकात महमूद गवान, आदिलशाहीत असदखान आणि त्याची सफा मशीद, पुढे औरंगजेब, सावनूरचे नवाब, पेशवे. शिलालेख कन्नडमध्ये आहेत हे खरे आणि पेशवाईचे महसुली कागद मोडीत आहेत हेही खरे. बाराव्या शतकातल्या शिलालेखाने विसाव्या शतकातल्या शेतकऱ्याची शाळा कोणत्या भाषेत असावी हे ठरवायचे, हा युक्तिवाद मला कोणत्याही बाजूने आला तरी पटत नाही.

आता निपाणीकडे वळू, कारण सीमेची खरी कहाणी तिथे दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निपाणीचे सिद्धोजीराव निंबाळकर, लोकांचे आप्पा देसाई, हे दक्षिणेतले एक बलाढ्य सरदार होते. सरलष्कर हा किताब त्यांच्याकडे होता. कोल्हापूरकर छत्रपतींचे चिकोडी आणि मनोळी हे दोन समृद्ध परगणे त्यांनी पेशव्यांच्या पाठबळावर बळकावले. कोल्हापूरचे राज्य आणि निपाणीची देसगत यांच्यातला हा झगडा वर्षानुवर्षे चालला आणि मधल्या गावांनी त्याची किंमत मोजली. १८१८ मध्ये इंग्रजांनी हे परगणे निपाणीकरांकडून काढून कोल्हापूरला बक्षीस दिले, कारण कोल्हापूरने लढाईत इंग्रजांची बाजू घेतली होती. दहा वर्षांतच कोल्हापूरशी बिनसले आणि १८२९ च्या तहाने चिकोडी-मनोळी पुन्हा इंग्रजांनी स्वतःकडे घेतले. १८३९ मध्ये आप्पा देसाई वारले आणि निपाणीची देसगत खालसा झाली. चिकोडीची रयत पाव शतकात कोल्हापूर, निपाणी, पुन्हा कोल्हापूर आणि मग इंग्रज सरकार अशा चार धन्यांखाली गेली. तिला कोणीही काही विचारले नव्हते.

या सगळ्याचा शेवट असा झाला की निपाणी इंग्रजी बेळगाव जिल्ह्यात आली आणि उत्तरेला लागून असलेले कागल कोल्हापूर संस्थानात राहिले. दोन्ही गावांची बोली एक, पीक एक, सोयरीक एक. मध्ये तेवढी खालसा मुलूख आणि संस्थान यांची हद्द. आज पुणे-बेंगळुरू महामार्गावर कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीला राज्य बदलते. त्या जागी राज्याची सीमा का आहे याचे उत्तर भाषेत शोधून सापडणार नाही. ते आप्पा देसायांच्या स्वाऱ्यांत, १८२९ च्या तहात आणि १८३९ च्या खालसा हुकमात आहे.

दक्षिणेकडे कित्तूरचीही अशीच भर पडली. १८२४ च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्माच्या सैन्याने धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला ठार केले. इंग्रजांनी डिसेंबरात किल्ला जिंकून राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवले आणि तिथेच तिचा अंत झाला. तिचा शूर साथीदार संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिले. नंदगड हे मराठी वस्तीचे मोठे बाजारगाव, आणि कन्नड मुलखाच्या एका मोठ्या वीराची समाधी तिथे आहे. या जिल्ह्यात इतिहास असा एकमेकांत गुंतलेला आहे.

एकदा जिल्हा ठरला की तो स्वतःचे वजन धरू लागतो. बेळगावात मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाच्या कमिशनरची कचेरी आली. या विभागात बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारबरोबर रत्नागिरी आणि कुलाबा हे पक्के मराठी जिल्हेही होते. म्हणजे दापोली-अलिबागच्या महसुलाचे वरिष्ठ कागद बेळगावला येत. त्यामुळे शहरात मराठी कारकून, वकील, मास्तर यांची मोठी वस्ती झाली. दक्षिण मराठा रेल्वेने पुण्याची आणि गोव्याची वाट जोडली. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र इथे आले. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले ते बेळगावातच. तिथून १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी झाली. दुसऱ्या बाजूला शिक्षणखात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात या मुलखात कन्नड शाळांसाठी झटून काम केले. मराठी कचेरीच्या सावलीत दबलेल्या भाषेला त्यांनी उभे केले, आणि कन्नड माणसाच्या मनात जी खंत होती तिला आधार होता हे आपण मराठी लोकांनी मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

१९१६ च्या एप्रिलात मुंबई प्रांतिक परिषद बेळगावात भरली आणि तिथेच टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच गावात झाले. गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे दोन्ही वेळा धडपडत होते, आधी टिळकांचे शिष्य म्हणून, नंतर गांधीजींचे. पण मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती. १९२० मध्ये काँग्रेसने आपले प्रांत भाषेप्रमाणे ठरवले आणि बेळगाव कर्नाटक प्रांतात घातले. १९२४ चे अधिवेशन त्यामुळे कर्नाटकाचे ठरले आणि त्याच्या नगराला विजयनगर नाव दिले गेले. काँग्रेसने केलेली ही वाटणी पक्षाच्या सोयीची होती. पुढे ती पुराव्यासारखी वापरली जाईल, याची कल्पना तेव्हा फार थोड्यांना असेल. १९१९ मध्ये बाबूराव ठाकुरांनी सुरू केलेला ‘तरुण भारत’ मात्र मराठीतूनच गाव जागे ठेवत होता. निपाणीत १९२५ च्या एप्रिलात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली. त्यांच्या चळवळीच्या सुरुवातीच्या काळातली ही महत्त्वाची सभा, आणि ती घेण्यासाठी सीमेवरच्या या लहान गावाची निवड झाली ही निपाणीसाठी अभिमानाची गोष्ट आहे.

मे १९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले. त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्या चळवळीला रूप आले. ज्या गावाने ही मागणी पहिल्यांदा एवढ्या जाहीरपणे मांडली, तेच गाव पुढे महाराष्ट्राबाहेर राहिले. सीमाभागातल्या माणसाच्या आवाजात आजही जो कढ येतो त्याचे एक कारण हे आहे.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४८ मध्ये रामदुर्ग, १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थानातले रायबाग असे तुकडे बेळगाव जिल्ह्याला येऊन मिळाले. जिल्हा आणखी मोठा झाला आणि जोडलेल्या भागांमुळे त्याची एकूण बेरीज आणखी कन्नड बाजूला झुकली. कोल्हापूर संस्थान विलीन होताना निपाणी-कागलमधली जुनी हद्द पुसून टाकता आली असती. दोन्ही बाजू आता एकाच मुंबई राज्यात होत्या, कोणाचे काही बिघडणार नव्हते. कोणी ते केले नाही. १९४९ ते १९५६ या सात वर्षांतली ही चूक मला सगळ्यात जास्त डाचते.

राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने आपला अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये दिला. बेळगावबद्दलचा त्यातला विचार लक्ष देऊन वाचावा असा आहे. चंदगड तालुका उघडउघड मराठी, म्हणून तो महाराष्ट्राच्या बाजूला ठेवावा. बाकीचे तालुके एकतर कन्नड बहुसंख्येचे किंवा काठावरच्या मराठी बहुसंख्येचे, म्हणून ते कर्नाटकात जावेत. बेळगाव शहराचे काय? शहरात मराठी लोक जास्त होते. पण जिल्ह्याचे बहुतेक तालुके कर्नाटकात जाणार असतील तर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून शहरही तिकडेच जावे, कारभाराच्या दृष्टीने ते योग्य, असे आयोगाने म्हटले. १८३८ मध्ये हवा आणि किल्ला पाहून आलेली कलेक्टर कचेरी १९५५ मध्ये एका शहराचे राज्य ठरवण्याचे कारण झाली. मी जे म्हणतो आहे ते इतकेच आहे, आणि ते आयोगाच्याच तर्कात आहे.

जिल्हा हेच परिमाण धरायचे तर कर्नाटकाचा दावा मजबूत आहे. जिल्ह्याची बेरीज कन्नड बहुमताची आहे आणि पूर्वेकडच्या लाखो कन्नड लोकांसाठी बेळगाव हेच बाजार, कोर्ट, कॉलेज होते. गाव हे परिमाण धरले तर चित्र वेगळे होते. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, हिंडलगा, खानापूरची डोंगरी गावे, निपाणीचा परिसर हे सारे सलग मराठी आणि महाराष्ट्राला लागून. महाराष्ट्राने हाच आग्रह धरला, गाव हे परिमाण, सलगता आणि बहुसंख्या. ही काही महाराष्ट्राची हट्टाची कल्पना नव्हती. आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमावाद ह. वि. पाटसकरांनी याच तत्त्वावर सोडवला आणि १ एप्रिल १९६० पासून ती अदलाबदल अमलात आली. तिथे जे न्याय्य ठरले ते इथे का नाही, याचे समाधानकारक उत्तर सीमावासीयांना कोणी दिलेले नाही.

१६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी बेळगावात, निपाणीत लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, माणसे मेली. १७ जानेवारी हा सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १ नोव्हेंबर हा काळा दिन, मूक फेरीचा. कर्नाटकात त्याच दिवशी राज्योत्सव असतो. एकाच शहरातल्या दोन शेजाऱ्यांनी एका तारखेला दोन उलट भावना जपाव्यात, हे साठहून अधिक वर्षे चालले आहे.

१९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या चार प्रतिनिधींची समिती झाली आणि तिच्यातून काही निघाले नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. महाराष्ट्राची मागणी बेळगाव, कारवार, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतल्या ८१४ गावांची होती. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात महाजनांनी २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. त्यात निपाणी, खानापूर आणि नंदगड होते. पण बेळगाव शहर त्यांनी म्हैसूरकडेच ठेवले, कारण शहराला तीन बाजूंनी कन्नड प्रदेश आहे असे त्यांचे मत झाले. शिवाय महाराष्ट्रातली २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले, त्यात अक्कलकोट आणि जतचा भाग होता. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. कर्नाटक म्हणते, हाच अंतिम. पण असे म्हणतानाही त्याने निपाणी-खानापूर कधी सोडले नाही. अहवाल पूर्ण लागू झाला असता तर आज निपाणी महाराष्ट्रात असती. हे निपाणीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत अजूनही बोलले जाते आणि त्यावर एकमत होत नाही, कारण बेळगाव सोडून आपण जायचे का, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

निपाणीला या सगळ्यात स्वतःचे दुःख वेगळे होते. तंबाखूचा भाव, वखारीत भुकटीच्या धुरळ्यात राबणाऱ्या बायका, विड्या वळणाऱ्या घरोघरच्या मजूर. १९८१ च्या वसंतात शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवून धरला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी ठार झाले. त्या आंदोलनात कन्नड आणि मराठी शेतकरी एकत्र बसले होते. शहराला चिकटून असलेले देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. निपाणीची मुले वर्गात जाण्यासाठी रोज राज्य ओलांडतात आणि संध्याकाळी परत येतात.

पुढचा काळ बहुतेकांना माहीत आहे. १९८६ ची कन्नडसक्ती, १ जूनचे आंदोलन, हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २००६ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरू लागले आणि २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिले. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले.

या काळातली एक घटना महाराष्ट्रात फारशी कोणी सांगत नाही. आज बेळगाव हा क्षेत्रफळाने कर्नाटकातला सर्वांत मोठा जिल्हा आहे, १३,००० चौरस किलोमीटरहून अधिक, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जवळपास ४८ लाख. अथणीच्या माणसाला कलेक्टर कचेरीत यायला दिवस जातो. १९९७ मध्ये जे. एच. पटेल यांच्या सरकारने राज्यात नवे जिल्हे केले, तेव्हा चिकोडी आणि गोकाक हे स्वतंत्र जिल्हे करण्याचेही जाहीर केले होते. ते मागे घेतले गेले. कन्नड संघटनांचा आक्षेप स्पष्ट होता. पूर्वेकडचे कन्नड तालुके वेगळे झाले तर उरलेल्या बेळगाव जिल्ह्यात मराठीचे प्रमाण वाढेल आणि महाराष्ट्राच्या दाव्याला बळ मिळेल. २०१८ मध्ये निपाणी, कागवाड, मुडलगी हे नवे तालुके झाले. जिल्हा मात्र अखंड राहिला. चिकोडी आणि गोकाकच्या लोकांनी मागणी सोडलेली नाही, आणि दर वेळी त्यांना मिळणारे उत्तर एकच असते: सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत जिल्ह्याला हात लावता येणार नाही.